बाटलीचे सर

आमच्या रसायनशास्त्राच्या सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी नेहमी बूच लावलेली एक छोटी बाटली असायची. रोज वेगळी. वर्गात आले की हजेरी घेण्याआधी ते ती पहिल्या बाकावर ठेवत आणि म्हणत, "वळखा." बाटलीला नाक लावायला बंदी होती. बूच काढायचं, हातानं वारा ओढून घ्यायचा आणि बाटली मागं द्यायची. कधी पिकल्या केळ्याचा वास यायचा, पण आत केळ्याचा पत्ता नसायचा; ते एस्टर. चायनीजच्या गाड्यावरचा आंबट वास म्हणजे अ‍ॅसिटिक आम्ल. अ‍ॅसिटोन निघालं की मुली आधी ओळखायच्या, कारण नखांचा रंग काढायची बाटली घरोघरी होती. आमची शाळा कसबा बावड्यात. सगळा बावडा त्यांना 'बाटलीचे सर' म्हणायचा. हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा भलताच गैरसमज व्हायचा.

सर जयसिंगपूरचे. जैन घराणं, दिवस मावळायच्या आत जेवण, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. रोज एसटीनं यायचे. दारूचा थेंब न शिवलेला हा माणूस अल्कोहोलवर मात्र पंधरा दिवस शिकवायचा. जवळच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा वास आमच्या खिडकीतून आत यायचा. आम्ही नाक मुरडलं की ते म्हणायचे, "वास म्हंजे रेणू तुमच्याकडं पावणा आलाय. तोंड फिरवू नका, नाव विचारा त्येला." मुलींना ते 'अक्का' म्हणायचे, मुलांना 'अण्णा'. चुकलेल्या उत्तरावर कधी रागवायचे नाहीत. "हे तुला का वाटलं?" एवढंच विचारायचे आणि खरोखर ऐकत उभे राहायचे.

त्यांचं आणखी एक वाक्य सगळ्या तुकड्यांना पाठ होतं. "नाकावर विश्वास ठेवा. नाक खोटं बोलत न्हाय."

मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. माझे काका शाहूपुरीत लाकडी फर्निचरच्या दुकानात पॉलिशचं काम करायचे. एका रविवारी दुपारी काम लवकर संपलं आणि पॉलिशसाठी आणलेलं स्पिरिट ते थंड पेयात मिसळून प्याले. सोमवारी सकाळी उठले ते डोकं धरून. उलट्या झाल्या. आईला म्हणाले, "वहिनी, समदं पांढरं दिसतंय. दुधातनं बघितल्यागत." आईला वाटलं उतरली नसेल. तिनं लिंबू-पाणी दिलं आणि मला शाळेत पाठवलं.

त्या दिवशी सर अल्कोहोलचे गुणधर्मच सांगत होते. मला उगाच कुतूहल वाटलं. मी हात वर करून विचारलं, "सर, स्पिरिट पिल्यावर सगळं पांढरं दिसतं का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "कोण प्यालं?"

"काका."

"कुठलं स्पिरिट? कवा?"

"पॉलिशचं. काल दुपारी."

सरांनी खडू ठेवला, शेजारच्या वर्गातल्या बाईंना आमच्याकडं बघायला सांगितलं आणि मला घेऊन रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. घरी पोचल्यावर काकांना त्यांनी स्वतः धरून रिक्षात घातलं, आईलाही सोबत घेतलं. दवाखान्यात काकांच्या तोंडाच्या वासावरून तिथल्या तरुण डॉक्टरांनाही आधी साधी नशाच वाटली. सर शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, ही दारू न्हवं. हे मिथेनॉल असणार. एका कार्बनचा फरक. शरीरात त्येचं फॉर्मिक आम्ल होतंय, आणि ते डोळ्याच्या नसेवर जातंय." डॉक्टरांनी काकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि मग धावपळ सुरू झाली.

यावरचं औषध त्या दिवशी तिथं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "ते मागवलंय. तोवर इथेनॉल, म्हणजे प्यायची दारू, पोटात गेली पाहिजे. चांगल्या दुकानातून सीलबंद बाटली आणा." आईला काही सुचेना. सर उठले. मी त्यांच्या मागं गेले. दारूच्या दुकानाच्या पायरीवर ते क्षणभर थांबले, चपला काढाव्यात की काय अशा विचारात असल्यासारखे. गल्ल्यावर त्यांचाच जुना विद्यार्थी होता. तो उभाच राहिला. "सर, तुमी?"

"दे की एक," सर म्हणाले. "सील नीट बघून दे."

परत येताना ती बाटली त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. लपवली नाही. वाटेत मी विचारलं, "सर, दारूवर दारूच कशी चालते?" एवढ्या घाईतही त्यांचा चेहरा उजळला. "शरीरात ह्येंना फोडणारं एकच एन्झाइम हाय. ते इथेनॉलला आधी धरतंय. त्यात गुंतलं की मिथेनॉल तसंच फिरत ऱ्हातंय, आणि हळूहळू बाहेर जातंय."

काका वाचले. उजवा डोळा राहिला, डाव्याची नजर गेली. बावड्यात दोन दिवस चर्चा झाली की बाटलीच्या सरांनी अखेर खरंच बाटली घेतली. मुख्याध्यापकांनी बोलावलं तेव्हा सरांनी कोऱ्या कागदावर रासायनिक समीकरण लिहून त्यांच्यापुढं ठेवलं म्हणे. लोकांच्या बोलण्याचं सरांना काहीच वाटलं नाही. त्यांना लागलं ते दुसरंच.

चौथ्या दिवशी ते काकांना भेटायला आले. काका त्यांच्याच जुन्या तुकडीतले. सरांनी विचारलं, "प्यायच्या आधी काय बघितलंस का न्हाय?"

"बघितलं की सर. वास घेतला. लॅबमधल्या अल्कोहोलसारखाच हुता. म्हटलं, नाक खोटं बोलत न्हाय."

सर खाटेच्या कडेवर बसले. खिशातली बाटली काढून मुठीत घट्ट धरली. काकांच्या ते लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "सर, वास घ्यायला तुमी शिकवलं. प्यायला मी शिकलो. त्येचं वझं तुमी कशाला घेताय?"

दुसऱ्या दिवशी वर्गात बाटली आली नाही. सर हात मागं बांधून उभे राहिले. म्हणाले, "मी तुम्हाला एक वाक्य शिकवलंय, नाकावर विश्वास ठेवा. ते चुकीचं हाय. मिथेनॉल आणि इथेनॉल वासावरनं सांगता येत न्हाईत. मला वाटत हुतं, मला येतंय. काल लॅबमधी डोळे मिटून दहा वेळा बघितलं. चार वेळा चुकलो. वहीत लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं. ते वाक्य त्यांनी प्रत्येकाच्या वहीत वाकून तपासलं.

आमच्या वर्गापुरतं हे पुरलं असतं. सरांना पुरलं नाही. आधीच्या सगळ्या तुकड्यांना ते हेच शिकवून बसले होते. त्यांनी कार्यालयातून जुनी हजेरीपत्रकं मागून घेतली आणि नावं उतरून काढली. मग एसटी स्टँडवर, लग्नात, दूध संकलनाच्या रांगेत जुना विद्यार्थी दिसला की ते त्याला गाठायचे. ख्यालीखुशाली झाली की म्हणायचे, "अण्णा, एक दुरुस्ती हाय." लोक हसायचे. सर बोलणं पूर्ण करून मगच सोडायचे आणि घरी जाऊन त्या नावापुढं बारीकशी खूण करायचे. मोबाइल आल्यावर काम सोपं झालं. निवृत्तीनंतर जयसिंगपूरला बसून ते फोनवरून दुरुस्ती करत राहिले.

मी पुढं रसायनशास्त्रच घेतलं. आता एका कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पातल्या प्रयोगशाळेत आहे. सरांना त्याचं मोठं कौतुक. भेटले की प्रश्नांवर प्रश्न. इथेनॉलमधलं पाणी कसं काढता, मळी कमी पडली तर काय वापरता, पेट्रोलमध्ये मिसळल्यावर गाडीच्या रबरी नळ्यांचं काय होतं. एखादं उत्तर मला आलं नाही की त्यांना जास्तच आनंद व्हायचा. "बघून सांग, अक्का. मला घाई न्हाय."

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. "एक नाव ऱ्हायलंय. इचलकरंजीत हाय म्हणत्यात. फोन लागत न्हाय. नेतीस का?" त्यांना चालताना दम लागत होता. रविवारी मी त्यांना गाडीतून नेलं. पत्ता विचारत विचारत यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या एका दुकानात पोचलो. पन्नाशीचा, डोळ्यांवर चष्मा असलेला माणूस गल्ल्यावरून उठून आला आणि सरांच्या पाया पडला. खुर्ची दिली, चहा सांगितला. सरांनी श्वास जुळवला आणि म्हणाले, "अण्णा, मी वर्गात म्हणायचो, नाकावर विश्वास ठेवा. आठवतंय?"

तो माणूस विचारात पडला. मग संकोचून म्हणाला, "खरं सांगू का सर? तुमी आठवताय. बाटल्या आठवत्यात. पण असलं काय म्हणालेलं आठवत न्हाय बगा."

मी सरांकडं बघितलं. एवढ्या वर्षांची यादी, एवढ्या लांबचा प्रवास. मला वाटलं, आता ते हसतील आणि उठतील.

महिनाभरानं सर गेले. त्यांचं नाव निघालं की मला ते त्या दुकानातच दिसतात. खुर्चीत थोडे पुढं सरकलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"तरी सांगतो," ते म्हणाले, आणि त्या माणसाला मिथेनॉलबद्दल पहिल्यापासून सांगायला लागले.