दादांच्या परीक्षेची तयारी

दादांनी माझ्यापुढे सिगारेटचं पाकीट धरलं आणि म्हणाले, "घ्या की साहेब, लाजता काय?" तेव्हा मी जो भ्यालो ती भीती अजून गेलेली नाही.

परक्या माणसाला यात भिण्यासारखं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. ते नांदेडला, मी लातूरला. दोघंही पक्के सिगारेटवाले, पण चाळीस वर्षांत एकमेकांसमोर एकदाही ओढली नाही. थोरल्यापुढे धाकट्यानं ओढायची नाही आणि धाकटा ओढतो हे थोरल्यानं बघायचं नाही, ही आमच्याकडची अदब. मी त्यांच्या घरी मागच्या अंगणात उभा असलो की दादा दारातूनच मोठ्यानं खाकरायचे. मी हातातली चिरडायचो आणि पाण्याच्या टाकीचं निरीक्षण करत उभा राहायचो. ते यायचे, धूर अजून हवेत असायचा, आणि ते शांतपणे विचारायचे, "काय म्हणतंय लातूर?" मग मी काहीतरी निमित्त काढून आत जायचो, म्हणजे त्यांना त्यांची पेटवता यावी. वहिनी या नाटकाला पोट धरून हसायच्या.

त्याच अंगणात, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, दादांनी पाकीट पुढे केलं. मला 'साहेब' म्हणाले. मी काय करायला हवं होतं? "दादा, मी हाय" एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण त्यांनी काडी पेटवून माझ्यासमोर धरली आणि मी मान पुढे केली. दोन झुरके झाल्यावर ते म्हणाले, "उद्या देगलूरकडची मोजणी हाय. जीप सातलाच काढू." त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. मी "हाव" म्हणालो आणि ओढत राहिलो. दादांच्या शेजारी बसून ओढलेली ती माझी पहिली सिगारेट, आणि मला तिची लाज वाटते.

दादा जमीन मोजणी खात्यात होते. त्यांच्या डोक्याची मला लहानपणापासून दहशत. कुठल्या गावचा कुठला गट, त्याची हद्द कुठल्या ओढ्यापाशी वळते, बांधावर लिंब आहे की बाभूळ, हे ते नकाशा न उघडता सांगायचे. निवृत्तीनंतरही धर्माबादकडचे शेतकरी घर शोधत यायचे आणि भाऊबंदकीतली हद्द विचारून जायचे. दादा आधी सिगारेट पेटवायचे, डोळे मिटायचे, मग बोलायचे. "धूर गेल्याबिगर डोकं चालत न्हाई," असं ते म्हणायचे आणि आम्हा सगळ्यांना ते पटलेलं होतं.

तेव्हा ज्याला हे पटलेलं नव्हतं असा माणूसच सापडायचा नाही. लग्नात पानसुपारीच्या ताटात विड्यांचे कट्टे आणि फोडलेली सिगारेटची पाकिटं फिरायची, आणि ताट पुढे आलं नाही म्हणून व्याही रुसायचे. एसटीचा ड्रायव्हर एका हातानं विडी आणि एका हातानं अख्खी गाडी सांभाळायचा. मी लातूरला गणित शिकवतो, आधी शाळेत आणि आता खासगी क्लासमध्ये. आमच्या स्टाफरूममध्ये अवघड उदाहरण अडलं की पहिल्यांदा काडेपेटी शोधली जायची. उत्तरपत्रिका तपासायला बसलो की एका गठ्ठ्याला दोन सिगारेटी हे माझं माप. छातीचं काय व्हायचं ते होईल, पण डोकं तल्लख राहतं, अशी आमची समजूत. छातीला आम्ही भीत होतो. डोक्याचं काही बिघडेल हे स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या सिगारेटनंतर मी घरात गेलो तर वहिनी गव्हातले खडे निवडत बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "भावजी, एकदा ह्यांना दाखवून आणू. दूध आणायला जातेत आन् रिकाम्या हातानं येतेत. विचारलं तर माझ्यावरच चिडतेत." मी म्हणालो, "वय झालं वहिनी, होतं असं." अंगणात काय झालं ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं ठरलं असतं.

आणि त्यातलं खरं भय वेगळंच होतं. माझंही रक्त तेच, माझीही सिगारेट तीच. महिन्याभरापूर्वी वर्गात फळ्यासमोर मी खडू घेऊन थांबलो होतो. तीस वर्षं शिकवलेलं सूत्र, आणि दुसरी ओळ येईना. पोरांना वाटलं सर मुद्दाम थांबलेत, आम्हाला विचार करायला लावतायत. मिनिटभरानं ओळ आली, पण ते मिनिट मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. दादांचं डोकं गेलं असेल तर पुढचा नंबर माझा. म्हणून दादांना काहीही झालेलं असता कामा नये, असं मी ठरवूनच टाकलं.

नांदेडच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे वहिनींनी नंबर लावला होता त्यांनी दहा दिवसांनंतरची वेळ दिली. कंपाउंडर म्हणाला, बाई आधी स्मरणशक्तीची परीक्षा घेतात. परीक्षा! हा शब्द लातूरच्या मास्तरापुढे उच्चारायला नको होता. मी मोबाइलवर शोधलं आणि अर्ध्या तासात सगळी प्रश्नपत्रिका माझ्यासमोर होती. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत. शंभरातून सात वजा करत चला. गोल काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. पाच शब्द ऐका आणि थोड्या वेळानं परत सांगा. आयुष्यभर मी अपेक्षित प्रश्न काढून पोरांकडून घोटून घेतले. क्लासला आठ दिवसांची सुट्टी टाकली आणि नांदेडलाच मुक्काम ठोकला.

रोज सकाळी नाश्त्यानंतर दीड तास आणि दुपारी चहानंतर एक तास, असं वेळापत्रक. वजाबाकी मी पाढ्यासारखी म्हणून घेतली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. दादा मांडीवर ताल धरून म्हणायचे. घड्याळ चाळीस वेळा काढून घेतलं. शब्द होते शाळा, कुत्रा, आंबा, घड्याळ आणि निळा. ते राहीनात, म्हणून मी गोष्ट बनवली: शाळेतल्या कुत्र्यानं आंबा खाल्ला, घड्याळ बघितलं आणि निळा पडला. दादा खो खो हसले आणि गोष्ट पक्की बसली. मधे मधे ते अंगणात जाऊन ओढून यायचे. मीही थोड्या वेळानं जायचो. त्या आठ दिवसांत ते मला नावानं हाक मारत होते, खाकरतही होते, आणि मला वाटलं, झालं, माणूस ठिकाणावर आहे.

वहिनींना ते पटत नव्हतं. ताटं उचलता उचलता म्हणाल्या, "भावजी, डॉक्टरपुढं खरं काय ते दिसू द्या ना. पाठ करून कुठं आजार जातो?"

"वहिनी, नवीन जागी माणूस बुजतो," मी म्हणालो. "थोडा सराव असला की बुजत नाही, बस." हे उत्तर मला फार आवडलं होतं.

परीक्षेच्या दिवशी दादांनी कमाल केली. तेच प्रश्न, तेच शब्द, त्याच क्रमानं. वजाबाकी तर बाईंनी थांबवेपर्यंत चालू होती. बाई म्हणाल्या, "वयाच्या मानानं छान आहे. सिगारेट मात्र बंद करा आणि बीपीची गोळी चुकवू नका." दवाखान्याच्या फाटकाबाहेर आल्याआल्या दादांनी खिशात हात घातला. मी रस्त्याकडे तोंड केलं. मागून आवाज आला, "पन्नास वर्षं ओढून डोकं ठणठणीत हाय, मग सोडू कशापायी?" मी हसलो. पेढे मीच आणले.

पुढे वर्षभर दादा बाईंनी दिलेला परीक्षेचा कागद शर्टाच्या खिशात ठेवायचे. वहिनींनी सिगारेटवरून काही म्हटलं की कागद काढून दाखवायचे. गोळी कधी घ्यायचे, कधी गादीखाली सरकवायचे. मी लातूरहून फोनवर वार आणि महिना विचारायचो, ते चटकन सांगायचे. फोनशेजारी कॅलेंडर टांगायला मीच वहिनींना सांगितलं होतं, आणि तरीही उत्तर बरोबर आलं की मला हायसं वाटायचं. माणूस स्वतःला किती फसवू शकतो याची मोजणी करायला खातं नाही, नाहीतर माझं क्षेत्र बरंच निघालं असतं.

यंदा उन्हाळा संपता संपता वहिनींचा फोन आला. दादा सकाळी इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडले होते, दुपारपर्यंत परतले नव्हते. मग धर्माबादच्या एसटी स्टँडसमोरच्या एका चहावाल्याचा वहिनींना फोन आला होता. दादांच्या डायरीत घरचा नंबर होता. तो म्हणाला, आजोबा सकाळपासून इथंच बसून राहिलेत, जीपची वाट बघतो म्हणतेत, काही खात न्हाईत. मी वहिनींना घरीच थांबायला सांगितलं आणि गाडी काढली. अहमदपूर गेलं, लोहा आलं. लोह्याच्या पुढे मी गाडी कडेला घेतली. आणि काय केलं? सिगारेट ओढली. थोरला भाऊ तिकडे हरवून बसलाय आणि धाकटा रस्त्याच्या कडेला डोकं ताळ्यावर आणण्यासाठी झुरके मारतोय. अर्धी झाल्यावर माझं मलाच ते दिसलं आणि मी ती टाकली.

दादा बाकावर ताठ बसले होते. काखेत जुनी फाइल, शर्ट घामानं भिजलेला. मला बघून उठले आणि म्हणाले, "इतका उशीर? लोक बांधावर खोळंबलेत." मी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. नांदेडपर्यंत ते खिडकीतून शेतं बघत होते आणि मधूनच कुणाचा गट कुठला ते सांगत होते. बरोबर सांगत होते की चूक, ते मला कळायला मार्ग नव्हता.

चार दिवसांनी आम्ही तिघं पुन्हा त्याच बाईंसमोर बसलो. या वेळी मी तयारी करून घेतली नव्हती. बाईंनी या वेळी शब्द बदलले. नदी, चष्मा, बाजार, मांजर, पिवळा. दादांनी ते त्यांच्यामागून म्हटले. मग बाईंनी वार विचारला. दादा भिंतीवर कॅलेंडर शोधायला लागले. घड्याळ काढलं, पण सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले. मग बाईंनी विचारलं, "मघाशी मी पाच शब्द सांगितले होते, आठवतात?"

दादांचा चेहरा उजळला. मांडीवर ताल धरून त्यांनी म्हटलं, "शाळा, कुत्रा, आंबा, घड्याळ, निळा." आणि वर, न विचारता, "कुत्रा निळा पडला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. जुनी फाइल उघडली, मागचे शब्द बघितले, आणि आमच्याकडे बघितलं. वहिनी माझ्याकडे वळल्या. मग मी सांगितलं. आठ दिवसांची शिकवणी सांगितली, गोष्ट सांगितली, आणि जी कुणालाच सांगितली नव्हती ती अंगणातली सिगारेटही सांगितली. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "इतक्या वर्षांच्या धुरानं डोक्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान होतं. सगळं त्याच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण त्याचा वाटा आहे. गेल्या वर्षी कळलं असतं तर गेलेलं परत आलं नसतं. सिगारेट सोडून, बीपी आटोक्यात ठेवून, जाण्याचा वेग कदाचित कमी करता आला असता." 'कदाचित' हा शब्द त्यांनी माझ्यासाठी घातला असावा. वर्गात मी असाच घालतो, काठावर नापास झालेल्या पोराच्या बापासमोर.

"म्हणजे एक वर्ष गेलं," वहिनी म्हणाल्या. "भावजी, तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं. मी एकटी त्या घरात भांडून राहिले ह्यांच्याशी, आन् हे मला तुमचा कागद दाखवून राहिले. एक शब्द तरी सांगायचा मला." पदर डोळ्यांना लावून त्या रडायला लागल्या.

दादा अस्वस्थ झाले. एकदा वहिनींकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वहिनींच्या हातावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, सरांना बोलू नका. लई जीव लावून शिकवलंय त्यांनी मला." आणि खुर्चीत पुढे सरकून, अदबीनं, मला विचारलं, "सर, पास झालो ना मी?"

तीस वर्षं मी लोकांच्या तोंडावर निकाल सांगत आलो आहे. त्या दिवशी थोरले भाऊ निकालासाठी आशेनं माझ्या तोंडाकडे बघत राहिले.