अभिमन नानांची दोन पिस्तुलं

अभिमन नाना आमच्या शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाले, त्याला आठ वर्षं झाली. तरी वार्षिक स्पर्धांत शर्यती सोडायला तेच येत. मूळचे धुळ्याकडचे, राहायला असोद्याला. पत्नी गेल्यापासून एकटेच. स्पर्धांचे दोन दिवस सोडले तर त्यांना कोणी कुठे बोलावत नसे.

मागच्या वर्षी जुन्या पिस्तुलातली टिकली फुटलीच नाही. पोरं ओणवी, नाना हात वर करून उभे. "पळा ना रे!" ते ओरडले आणि सगळं मैदान हसलं. मुख्याध्यापकांनी मला, शाळेच्या मुख्य लिपिकाला, बजावलं, "मोठे बाबू, यंदा नवं पिस्तूल घ्या. पुन्हा असं झालं तर शर्यती तेजस सर सोडतील." तेजस सर म्हणजे नानांच्या जागी आलेले क्रीडाशिक्षक.

मी दोन कंपन्यांची दोन स्वस्त पिस्तुलं तपासायला मागवली. किंमत जवळजवळ सारखी. एक पूर्ण काळं, एक निळ्या मुठीचं.

रविवारी सकाळी मैदानावर आम्ही दोघंच. शंभर मीटरवर मी घड्याळ घेऊन उभा राहिलो. वेळ घेणारा आवाजावर जात नाही; आवाज उशिरा पोचतो, म्हणून धूर दिसला की घड्याळ दाबायचं. दोन्हींचे वीस-वीस बार काढले. काळ्याचा आवाज खणखणीत, एकही बार चुकला नाही. धूर मात्र इतका विरळ की मागे काळी फळी लावावी लागली. निळ्याचा आवाज बसका, दोन बार फुकट गेले. पण धूर दाट, पांढरा.

निळं उडवताना नाना वर बघत आणि हात खाली घेत. काळ्याच्या प्रत्येक बारानंतर मात्र माझ्याकडे बघून खूण करत : फुटली का?

मी मागून जवळ गेलो. "नाना!" ते वळले नाहीत. मी समोर आलो तेव्हा हसले.

"काळं घेऊ या," मी म्हणालो.

माझ्या ओठांकडे बघत ते म्हणाले, "निळं बरं. याना धूर दिखस, भाऊ."

"पण ते चुकतं."

"चुकलं तर कळतं तरी. काळ्याचं फुटलेलंही मला कळत नाही."

"कान कधीपासून गेले?"

"काय माहीत. ती गेली, घर गप्प झालं. मला वाटलं, घरच गप्प आहे."

जरा वेळाने त्यांनीच काळं पिस्तूल माझ्या हातात दिलं. "तेजसला द्या. पोरांचं नुकसान नको."

मी यादीत तेजस सरांचं नाव शर्यत सोडणारा म्हणून लिहिलं आणि नानांचं वेळ घेणाऱ्यांत.

स्पर्धेच्या दिवशी अंतिम रेषेजवळ सहा जण ओळीने बसले होते. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात पाच जण कापसाच्या भावावर, बदल्यांवर बोलत होते, एकमेकांना टाळ्या देत होते. कडेच्या खुर्चीत नाना घड्याळावर अंगठा ठेवून त्या दूरच्या काळ्या फळीकडे बघत होते. मी चहा पुढे केला. त्यांनी नजर न काढता मान हलवून नको म्हटलं.