माझ्या अंगाचा वास

माझ्या तोंडाला राख फासली ती माझ्या मायनं. फासायला लावली देशमुखीणबाईनं. आणि हसल्या त्या ओसरीवर बसलेल्या सगळ्या बाया.

भर दुपार होती. देशमुखांची थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माझी माय गावाची दाई. तिनंच ते मूल सोडवलं. नाळ तिनं कापली, बाळंतिणीचं अंग जवसाच्या तेलानं तीच चोळायची, लेकराला पायावर घेऊन न्हाऊ तीच घालायची. सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, होतं तोवर मायला त्या घरात पार आतल्या खोलीपर्यंत जाता यायचं. सुवेर फिटलं की घर सारवायचे, गोमूत्र शिंपडायचे, आणि माय पुन्हा अंगणाच्या बाहेर. ज्या हातांनी लेकीचं पोट चोळलं, त्या हातात मग भाकर वरून टाकायचे.

मी तेव्हा न्हाती-धुती व्हायची होते. माझं काम बाळंतिणीचे कपडे धुणं. रक्ताचे, घाणीचे. नाल्यावर न्यायचे, खारी माती लावून आपटायचे, वाळवायचे, मागच्या दारानं आणून ठेवायचे. धुऊन झालं की अंगाला तो वास चिकटायचा. केसात बसायचा. आम्ही अंगालाही मातीच लावायचो. नाल्याच्या काठची पांढरी माती. डोकं त्यानंच, अंग त्यानंच. भेगा घासायला खापराचा तुकडा. तेल सणाला.

माझा मामा अकोल्याच्या कापडगिरणीत होता. त्या खेपेला त्यानं साबणाची वडी आणली. गुलाबी. पातळ कागदात गुंडाळलेली. म्हणाला, "भाचीले आनली. माह्या भाचीनं कायले मातीनं न्हावं?" मी ती दोन-चार दिवस नुसती हुंगत होते. उशाला घेऊन झोपायची. मग त्या दिवशी कपडे धुऊन झाल्यावर रक्ताचा वास सहन होईना, तेव्हा नाल्यावरच ती वडी अंगाला लावली. पहिल्यांदा. फेस आला. मी त्या फेसाकडे बघत किती वेळ बसले कोण जाणे. हात हुंगला. तो माझा हात वाटेना.

वाळलेले कपडे घेऊन मी मागच्या दारानं देशमुखांकडे गेले. मागच्या ओसरीवर सतरंजी टाकून बाया बसल्या होत्या, लेकरू पाहायला आलेल्या. त्यात रिसोडची एक पाहुणी होती. मी कपडे ठेवून वळणार तोच तिनं माझा हात धरला.

"किती साजरी पोट्टी हाये वं! कोनाची व्हय? ये, बस इथं." मला तिनं जवळ ओढलं, गालावरून हात फिरवला. "गुलाबाचा वास येऊन राह्यला हिच्या अंगाले."

मी बसले. खरं सांगते, बसले. पाहुणीच्या मांडीला मांडी लावून, त्या सतरंजीवर. एक क्षण. मला वाटलं, असंच असतं बहुतेक. इतकं सोपं असतं.

"अवं सोड तिले!" देशमुखीण आतून ओरडत आली. "दाईची पोट्टी व्हय थे!"

पाहुणीनं माझा हात असा टाकला, जसा विस्तव टाकतात. लुगड्याला तळवा पुसला. मग रडकुंडीला आली, "आता मले आंघोय करा लागन ना वं," म्हणून. बाकीच्या बाया सतरंजीवरून उठून भिंतीला लागल्या. सतरंजीवर मी एकटी.

देशमुखीण म्हणाली, "साबन कोठून चोरला?"

"चोरला नाई. मामानं आनला अकोल्याहून."

तिनं मोलकरणीला न्हाणीत पाठवलं. मोलकरीण आली, म्हणाली, "वडी हाये जाग्यावर." मला वाटलं, सुटले. मी खरी ठरले ना. खरं ठरल्यावर माणूस सुटतो, असं मला तेव्हा वाटायचं.

देशमुखीण म्हणाली, "चोरी केली असती तं बरं झालं असतं. आमची वडी परत घेतली असती. हे पोट्टी आमच्यावानी वास मारून राह्यली. उद्या ओयखाचं कसं, कोन कोन्या घरचं हाये थे?"

हे तिचं वाक्य मी अजून शब्दाला शब्द सांगू शकते.

मायला बाहेर बोलावलं. ती बाळंतिणीचं अंग चोळत होती. हात कोपरापर्यंत तेलाचे.

"तुह्या पोट्टीचा वास काढ. तुह्याच हातानं. चुलीतली राखुंडी घे."

"बाई, लेकरू हाये. पुन्हा नाई करनार."

"काढ म्हनलं ना."

माय माझ्याकडे बघत नव्हती. ती चुलीपाशी गेली, राख घेतली. पाण्यानं भिजवली. तिनं माझ्या तोंडाला, गळ्याला, हातांना राख फासली. हळू हात लावत होती. देशमुखीण म्हणाली, "घास. भांडं घासतं तशी घास." मग मायनं घासलं. ओली राख कातडीला कशी लागते हे ज्यानं भांडी घासलीत त्याला विचारा. डोळ्यात गेली. मी ओरडले नाही. बाया हसत होत्या. पाहुणीही हसत होती आता. तिची आंघोळीची चिंता गेली होती.

तेवढ्यानं भागलं नाही. "थे वडी कोठी हाये?" वडी माझ्या ओच्यात होती. देशमुखांचं एक कुत्रं होतं, लाडाचं, मोत्या. देशमुखीण म्हणाली, "लाव मोत्याले. सरेपर्यंत लाव."

परसातल्या दगडावर मी त्या कुत्र्याला न्हाऊ घातलं. माझ्या मामानं माझ्यासाठी आणलेली वडी. कुत्र्याच्या अंगावर ती झिजत गेली, पातळ झाली, मोडली, संपली. कुत्रं अंग झटकून ओसरीवर गेलं आणि सतरंजीवर बसलं. त्याला कोणी उठवलं नाही.

घरी आल्यावर मायनं गाडग्यातलं लोणी काढलं, माझ्या तोंडाला लावायला आली. माझी कातडी सोलली होती, लाल चट्टे उठले होते. मी तिचा हात झिडकारला. ती म्हणाली, "मी नसती लावली तं तिनं लावली असती. तिचा हात मोठा हाये." मी म्हटलं, "मंग तिनं लावाची होती." मायनं लोण्याचं गाडगं तसंच झाकून ठेवलं. त्या रात्री आम्ही दोघी जेवलो नाही.

चट्टे गेले. पण मला एक सवय लागली. कोणी जवळ आलं की मी आधी स्वतःचा दंड हुंगायची. बाजारात, विहिरीच्या वाटेवर, लग्नाच्या मांडवात. आपल्याला कसला वास येतो आहे, आणि तो आपल्याला परवडणार आहे का, हे बघून मग पुढं व्हायचं. कुणी हसलं की वाटायचं, मलाच हसलं. लग्न झालं त्या दिवशी हळद लावायला बाया पुढं आल्या, तर मी मान मागं घेतली. तोंडाला कोणाचाही हात मला नको होता. नवऱ्यालाही त्याचं कारण पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

नवरा वाशीमच्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सरकीची पोती उचलायचा. मीही तिथंच कापूस निवडायला लागले. तिथं गर्दीत कोण कोणाला हुंगतं? संध्याकाळी सगळ्यांच्याच केसात कापसाचा फुफाटा. पहिली मजुरी हातात आल्यावर मी आधी साबण घेतला. नवरा हसला. मी नाही हसले.

मग दिवस भरत आले म्हणून मी मायकडे गेले. पोरगी झाली. मायनंच सोडवलं. पोरगी महिन्याची झाली असेल, तेव्हा देशमुखांचा गडी आला. "दाईले बलावलं."

त्यांच्या घरात कोणी बाळंत व्हायचं नव्हतं. मायनं विचारलं, "कायले?" गडी इकडं-तिकडं बघून म्हणाला, "मोठ्या बाईले इसब झाला. सगया आंगावर. सुना हात लावत नाईत."

पोरगी शेजारणीपाशी ठेवली आणि मी मायसोबत निघाले. माय म्हणाली, "तू कायले येतं?" मी म्हटलं, "पाहाले."

देशमुखीण त्याच आतल्या खोलीत होती, जिथं लेक बाळंत झाली होती. दाराशी जेवणाचं ताट तसंच, आत ढकललेलं. वास दारापर्यंत आला होता. पाझरणाऱ्या कातडीचा. हात, मान, कानामागं, सगळं ओलं आणि खपल्यांचं. अंगावर पातळ धडोतं. धाकटी सून दाराबाहेर नाकाला पदर लावून उभी. तिनं वाटी लांबूनच जमिनीवर ठेवली. करंजाचं तेल. रिसोडच्या वैदानं दिलेलं, दोन वेळा लावायचं, बोटानं चोळून.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. माझ्या पोटात एकदम ऊन पडल्यासारखं झालं. मी तिच्याकडे डोळे भरून बघून घेतलं.

"ये वं, माय माही," देशमुखीण माझ्या मायला म्हणाली. जन्मात पहिल्यांदा माय म्हणाली. "तुह्या हाताले गुन हाये. आग होऊन राह्यली वं. रातभर डोया लागत नाई. हे रांडा हात लावत नाईत मले."

माय खाली बसली. वाटीकडे हात नेला. मी तिचं मनगट धरलं.

"मले ओयखलं का?" मी देशमुखिणीला विचारलं.

"कोन वं तू?"

"दाईची पोट्टी. जिच्या तोंडाले राखुंडी फासली होती तुमी."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत काही हललं नाही. "कायची राखुंडी? कवा वं?"

"साबन लावला होता म्हनून. वडी मोत्याले लावाले लावली."

"मोत्या!" तिचं तोंड उजळलं. "लय गुनाचं होतं वं थे कुत्रं. मेलं तवा मी दोन दिवस जेवली नाई."

कुत्रं आठवलं. मी नाही आठवले.

मी इतकी वर्षं तिच्यासाठी काय काय बोलायचं ठरवलं होतं! जिनात कापूस निवडताना, भाकरी थापताना मनात तिच्याशी भांडले होते. आणि तिच्या ध्यानात तो दिवसच नव्हता. तिच्या लेखी ते दुपारचं एक काम होतं, धान निवडण्यासारखं. तिला पस्तावा कुठून होणार? माझा राग होता त्याहून दुप्पट झाला.

"माय, हात खाली ठेव," मी म्हटलं.

दारातली सून म्हणाली, "काहून नाई लावत? थे तुमचंच काम हाये."

"सासू कोनाची व्हय?"

"माही."

"मंग हात बी तुहाच लागला पायजे."

तुहा म्हणाले मी तिला. त्या घरातल्या कोणाला आमच्यातलं कोणी तू म्हटलं नव्हतं. सून पांढरी पडली. तिनं आवाज दिला तसा देशमुखांचा मोठा पोरगा आला, हातात वेताची काठी.

"गावात राहाचं हाये ना तुमाले?"

मी म्हटलं, "नाई."

त्याला हे उत्तर ठाऊक नव्हतं. काठी तशीच हातात राहिली. हा शब्द मी ठरवून आले नव्हते. पण तोंडातून निघाल्यावर कळलं, हा किती दिवसांपासून आत बसला होता.

देशमुखीण रडायला लागली. "अवं लाव वं, एक बोट तरी लाव. मले कोनी हात लावत नाई वं." मी ऐकून घेतलं. सगळं ऐकून घेतलं. कोणी हात लावत नाही म्हणजे काय, हे तिला तिच्याच घरात, तिच्याच सुनांनी शिकवलं होतं. मला काही करायची गरज नव्हती. मी फक्त मायला उठवलं. माय उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, पण उठली. वाटीकडे तिनं वळून बघितलं नाही.

वाटेत माय म्हणाली, "त्या दिवशी तू माह्यावर रागावली होती ना?"

"हो."

"मी बी," ती म्हणाली. "माह्यावरच."

दुसऱ्या दिवसापासून आमचं दळण बंद झालं, काम बंद झालं, दुकानदार मीठ देईना. वस्तीतल्या दोन घरांनीही तोंड फिरवलं, भीतीनं. आम्ही चूल मोडली, पोरीला झोळीत घेतलं, आणि मोटारीनं वाशीमला आलो. माय पुन्हा त्या गावात गेली नाही. जिनाच्या चाळीत ती बाळंतपणं करायची. बाया तिला आपल्या ताटाशी जेवायला बसवायच्या. सुरुवातीला तिला घास गिळवायचा नाही.

देशमुखीण आणखी पुष्कळ जगली. गावाकडचं कोणी बाजाराला आलं की मी विचारायची, कशी आहे? म्हणायचे, तशीच, त्याच खोलीत. त्या दिवशी मला भाकर गोड लागायची. ती गेली तेव्हा शेजारीण म्हणाली, "आता सोड राग. मेलेल्या मानसाचं काय धरून बसतं?" मी तिला विचारलं, "तुह्या तोंडाले फासली होती का?"

एकदा देशमुखिणीचा तोच मोठा पोरगा चाळीत आला. त्याची लेक अडली होती, वाशीमच्याच दवाखान्यात. दाईनं नुसतं सोबतीला बसावं, असं त्याचं म्हणणं. काठी नव्हती हातात. "झालं गेलं इसरा," म्हणाला. मी म्हटलं, "दवाखान्यात नर्स हायेत. जा." माय आत होती. तिनं ऐकलं आणि बाहेर आली नाही.

विसरणं त्यांना जमतं. त्यांना कधी काही झालंच नाही. मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पाण्याच्या नळावर, जिनाच्या फाटकात, बाजारात ज्वारीच्या ढिगाशी, जिथं चार माणसं भेटतील तिथं मी हे सांगते. गावाचं नाव घेऊन सांगते, घराचं नाव घेऊन सांगते. त्यांची नातवंडं वाशीमला शिकायला आलीत म्हणतात. त्यांनाही कोणी तरी त्या राखेचं विचारीलच. विचारावं. तिला आठवलं नाही, पण तिच्या नातवंडांना मी विसरू देणार नाही.