खाला आतल्या खोलीत

रास अल खैमाच्या कडेला एक जुनं गाव होतं. शहर वाढत वाढत त्याला येऊन भिडलं होतं, पण गावाने शहराकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. नव्वदच्या सुमारास बाबांना तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात नोकरी लागली आणि कंपनीने घर दिलं ते नेमकं या गावात. दुबईतल्या ओळखीच्या बायका आईला फोनवर विचारायच्या, "तू तिथे दिवसभर करतेस तरी काय गं?" आई साताऱ्याची. तिला गाडी येत नव्हती, अरबी येत नव्हतं, आणि इंग्रजी बोलायची वेळ आली की ती माझ्याकडे बघायची. पहिले काही महिने ती रडायचीच काय ती बाकी होती. खोटं कशाला बोलू, रडायचीसुद्धा.

तिला तारलं शेजारच्या खालाने. खाला म्हणजे मावशी. सगळं गाव तिला तसंच म्हणायचं. साठीची विधवा बाई, नाकावर सोनेरी मुखपट्टा, आणि हिंदी अगदी फर्डी. नवऱ्याचं गलबत खजूर घेऊन मुंबईला जायचं, त्यामुळे लग्नानंतर तीही तिकडे राहून आलेली. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली की ती आमच्या दाराशी येऊन म्हणायची, "यल्ला, चलो." आई पदर खोचून निघायची. मी तेव्हा आठवीत. अभ्यास टाळायला मीही मागे.

गावातली घरं समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाची होती. निम्मी पडलेली. खाला एकेका घरापाशी थांबून सांगायची, हे कुणाचं, ते अबुधाबीला का गेले, कुठल्या दोन जावांनी भांडून मधे भिंत घातली. छप्पर नसलेल्या घरातसुद्धा ती सलाम करून शिरायची. आईने विचारलं, आत आहे कोण? तर म्हणाली, "लोग नहीं हैं, घर तो है." खाडीकडच्या विहिरीचं पाणी खारट आणि मशिदीमागचं गोड, हेही तिने आम्हाला ओंजळीने चाखवलं. घरी आल्यावर आई हे सगळं बाबांना सांगत बसायची आणि बाबा बिचारे जांभया देत ऐकायचे. त्या देशात आईला एकच माणूस मिळालं होतं आणि त्या माणसामुळे ते गाव मिळालं होतं. खाला तुटली असती तर तिच्याजवळ काही उरलं नसतं, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीला आईने हळदीकुंकू काढलं. दुबई-शारजाच्या बायका यायच्या होत्या. खालाला बोलवायचं की नाही, यावर ती आठवडाभर घोळ घालत राहिली. बोलावून कुंकू लावावं तर ती विधवा. न लावावं तर सगळ्यांसमोर वगळल्यासारखं. शेवटी "कशाला बिचारीला अवघडवायचं" म्हणून तिने बोलावलंच नाही. आपल्या या भानगडी खालाच्या गावीही नसणार, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. आपल्या बायकांची ही एक खोडच आहे. समोरच्याचा अपमान करायचा, तोही त्याच्याच भल्यासाठी.

गल्लीत गाड्या लागल्या, जरीच्या साड्या उतरल्या. हे बघून खाला घरात बसणार थोडीच? शेजारणीकडे बायका जमल्या की आपण हात लावायला जायचं, ही तिकडची रीत. ती ठेवणीतला झगा घालून आली. एका हातात खजुराचं ताट, दुसऱ्या हातात उदाचं धुपाटणं, पाहुण्यांच्या कपड्यांना धुरी द्यायला. शारजाची एक बाई आईच्या कानाला लागली. आईने खालाचा हात धरला, तिला सरळ आतल्या खोलीत नेऊन पलंगावर बसवलं, तिळगूळ दिला, "अभी आती हूँ" म्हणाली आणि दार लोटून घेतलं. बाहेर उखाणे सुरू झाले. आई परत आत गेली तेव्हा खाला मागच्या दाराने निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी आई तिच्याकडे गेली आणि उजळल्या चेहऱ्याने परत आली. "रागावली नाही हो. एरवी कपाच्या तळाशी घोटभर कॉफी देते, आज काठोकाठ भरून दिली."

बाबांनी पेपर खाली ठेवला. कारखान्यातल्या अरबांबरोबर त्यांची उठबस होती. "अगं, घोटभर देतात ते बस म्हणून. भरून देतात ते पी आणि चालती हो म्हणून."

आईचा चेहरा असा उतरला की मला बाबांचा राग आला. पण तेच पुढे म्हणाले, "जे आहे ते सांगून टाक तिला."

संध्याकाळी आई मला घेऊन गेली. मोडक्यातोडक्या हिंदीत तिने सगळं सांगितलं. खालाने शांतपणे ऐकून घेतलं.

"आदमी मर गया तो औरत अंदर बैठेगी?"

आईने होकारार्थी मान हलवली.

"हम भी बैठते हैं. चार महीना, थोडा दिन ऊपर. फिर खलास, उठ जाते हैं." मग तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम लोग कब उठते हो?"



खालाचा राग गेला होता, हे मी शपथेवर सांगते. त्या दिवशी कॉफी पुन्हा घोटभर आली. पण तिच्या नजरेत जी कीव आली, ती आईला सोसवली नाही. राग परवडला असता. खाला दाराशी यायची आणि आई आतूनच पाय दुखतात म्हणायची. हळूहळू तिने येणं सोडलं. गाव समोरच होतं, पण आम्ही ते गच्चीवरून बघायचो. पुढे बाबांनी दुबईत नोकरी धरली. सामान गाडीत चढत असताना खाला तिच्या दारात उभी होती. आईने लांबूनच हात केला. इतकं सुंदर माणूस आणि इतकं सुंदर गाव आम्ही असं हातचं घालवलं, याची हळहळ अजून जात नाही.

दोन हजारनंतर बाबा गेले आणि आई माझ्याकडे दुबईतल्या अल बर्शाला राहायला आली. जानेवारीत मी हळदीकुंकू ठेवलं. बायका यायच्या वेळेला आईने आपला चष्मा आणि पाण्याची बाटली उचलली आणि आत निघाली. मी भडकलेच. "आई, हे माझं घर आहे. तू बाहेर बसायचंस."

"त्यांना अवघडल्यासारखं होतं गं."

मी तिच्या मागोमाग आत गेले. ती पलंगाच्या कडेला टेकली होती. म्हणाली, "त्या खालाने एवढं विचारलं आणि मी बाई गप्पच बसले."

"काय सांगणार होतीस?"

"उठत नाही म्हणून सांगायचं होतं."

बाहेर बेल वाजली.

"जा, आल्या बघ," आई म्हणाली. "आणि दार लोटून घे."