साठाव्या दिवसाची बाटली

अंजली पगारे नाशिकच्या एका विज्ञान महाविद्यालयात अकरा वर्षं लॅब असिस्टंट होत्या. नोकरी कंत्राटी; दर जूनमध्ये नव्याने सही व्हायची. काचेची भांडी धुवायची, पाण्याचे नमुने फ्रीजमध्ये लावायचे, यंत्रावर दिसलेले आकडे वहीत उतरवायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या आकड्यावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती.

त्याच लॅबमध्ये सायली अहिरे संशोधन करायची. सटाण्याकडची, सत्तावीस वर्षांची. पिंपळगाव बसवंतला व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर कांद्याच्या टरफलांचे ढीग साचतात. ती टरफलं जाळून सायलीने कोळसा केला, मालेगावच्या एका कापड रंगाई कारखान्यात पिंपात भरला आणि त्यातून तिथलं लालभडक पाणी सोडलं. पाणी जवळजवळ स्वच्छ उतरलं. एकदा भरलेला कोळसा साठ दिवस चालतो, असं तिच्या अहवालात होतं. याच कामावर ती पर्यावरणासाठी काम करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या शेवटच्या पाचांत पोहोचली होती. गुरुवारी दुपारी चारला परीक्षकांसमोर ऑनलाइन मुलाखत होती.

मंगळवारी सकाळी अंजलीताई फ्रीजमधला बर्फ काढायला बसल्या. मागच्या कप्प्यातल्या खोक्याआडून एक बाटली निघाली. लेबलवर त्यांचंच अक्षर होतं, ‘दिवस ६०’. झाकणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी. बाटली कधी उघडलेलीच नव्हती.

मग वहीत साठाव्या दिवसाचा आकडा आला कुठून?

त्यांनी वही उघडली. तिसाव्या दिवशी ब्याण्णव टक्के रंग गेलेला, साठाव्या दिवशी एक्क्याण्णव. तारीख फेब्रुवारीतली. त्या दिवशी सासूबाई दवाखान्यात होत्या, सारखे फोन येत होते. घाईघाईत त्यांनी तिसाव्या दिवसाचीच बाटली पुन्हा यंत्राला लावली होती.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. अंजलीताईंनी दार लोटलं, चिकटपट्टी काढली आणि पाणी तपासलं. बावन्न टक्केच रंग गेलेला. नळी धुऊन पुन्हा तपासलं. तिसऱ्यांदाही बावन्नच. म्हणजे साठ दिवसांत कोळशाचा जोर निम्म्यावर आला होता.

बेसिन दोन पावलांवर होतं. नळ सोडून बाटली उपडी केली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. त्या बाटली हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर कुणाची तरी चाहूल लागली तशी त्यांनी ती झटकन फ्रीजमध्ये ठेवली.

इंदिरानगरला घरी आल्या, पण कामात लक्ष लागेना. सासूबाई, सगुणाबाई, मेथी निवडत बसल्या होत्या.

“काय झालं गं? आल्यापासून गप्पच आहेस.”

“आई, माझ्या हातून मोठी चूक झालीये. सांगितली तर जूनमध्ये मला परत घेणार नाहीत.”

“आणि नाही सांगितलीस तर?”

“तर सायली मॅडमना बक्षीस मिळेलही कदाचित.”

सगुणाबाईंचे हात थांबले. “म्हणजे पुढे कधी उघडकीला आलं, तर चोर ती पोरगी ठरणार. तू नाही.”

बुधवारी सकाळी सायली आरशासमोर बोलावं तसं लॅपटॉपसमोर भाषण घोकत होती. अंजलीताईंनी बाटली तिच्या टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं.

सायलीचा चेहरा पांढरा पडला. “उद्या मुलाखत आहे आणि हे तुम्ही मला आज सांगताय?”

“मला काल सापडली, मॅडम. कालच सांगायला पाहिजे होतं. धीर झाला नाही.”

सायली उठली आणि वही-बाटली घेऊन तरातरा वाघ सरांच्या केबिनमध्ये गेली. वाघ सर तिचे मार्गदर्शक. अंजलीताई दारात उभ्या राहिल्या.

सरांनी बाटली उजेडात धरून पाहिली. “तीन महिने पडून राहिलेलं पाणी आहे हे. याचा काय भरवसा? उद्याचं उरकू दे, मग सावकाश पुन्हा तपासू. घाबरण्यासारखं काही नाही.”

सायलीला ते पटवून घ्यायचं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग ती मागे वळली. “ताई, पाणी पडून राहिलं म्हणून त्यातला रंग वाढतो का?”

“नाही मॅडम. कमी झाला तर होईल. वाढत नाही.”

गुरुवारी चार वाजता अंजलीताई लॅबबाहेरच्या बाकावर बसल्या. आतलं इंग्रजी त्यांना तुटक तुटक कळत होतं. सायलीने ‘तीस दिवस’ म्हटलेलं कळलं. आधी पाठवलेला आकडा चुकीचा होता, हेही कळलं. मग एका परीक्षकाने विचारलं, ही चूक झाली कशी?

अंजलीताईंनी डोळे मिटले.

“चुकीची बाटली तपासली गेली,” सायली म्हणाली, “आणि मी ती पडताळून पाहिली नाही.”

तिने कुणाचं नाव घेतलं नाही.

बारा दिवसांनी ईमेल आला. पुरस्कार दुसऱ्या कुणाला तरी मिळाला होता. कारण लिहिलेलं नव्हतं. अंजलीताईंनी स्वतःहून लेखी खुलासा दिला, त्यावर त्यांना मेमो मिळाला आणि जूनमध्ये वर्षाऐवजी सहाच महिन्यांची मुदत. सायली त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. चहाला हाक मारणं बंद झालं होतं. अंजलीताईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

जुलैत सायलीने प्रयोग पहिल्यापासून सुरू केला. “या वेळी मालेगावला तुम्हीही चला,” ती म्हणाली. “बाटल्या तिथेच भरू. लेबलवर दोघींची सही.”

अकरा वर्षं अंजलीताईंनी बाटल्या पाहिल्या होत्या, ते पाणी कुठून येतं ते कधी पाहिलं नव्हतं. कारखान्यामागच्या नालीतून गरम, लाल पाणी वाहत होतं आणि त्याच्या वासाने डोळे चुरचुरत होते. मालक इकबालभाई लगबगीने पुढे आले.

“क्यूं मॅडम, इनाम मिळालं?”

“नाही मिळालं. आणि इकबालभाई, कोळसा साठ दिवस चालत नाही. महिन्याला बदलावा लागेल.”

“म्हणजे काम डबल झालं की!” त्यांनी पिंपाकडे बघत दाढी खाजवली. मग म्हणाले, “ठीक आहे, बदलू. पण माझ्या लक्षात राहणार नाही. तारीख आली की तुम्ही फोन करा.”

“मी नाही, या करतील,” सायली म्हणाली. “ताई, तुमचा नंबर द्या त्यांना.”

अंजलीताईंनी एकेक आकडा सावकाश सांगितला.