एक ‘हॅज’ पुरे

“उभा राहा. वाच.”

मी वाचलं. ‘माय फादर हॅज कट द क्लॉथ, हॅज स्टिच्ड इट, अँड हॅज प्रेस्ड इट.’

“पुन्हा.”

पुन्हा वाचलं. प्रत्येक ‘हॅज’ला सरांनी टेबलावर पट्टी आपटली. मागचे बाक हसले. पुढचे त्याहून जास्त.

“डेय् तय्यल्कारा,” सर म्हणाले. तमिळमध्ये शिंप्याला तसं म्हणतात. “एकाच जागी तीन टाके? हे तुझ्या बापाचं दुकान नाही.”

कुंभकोणमच्या कॉलेजातलं ते माझं पहिलं वर्ष. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले आम्ही मराठी शिंपी; आमच्या घरातलं कुणी त्या फाटकाच्या आत कधी गेलेलं नव्हतं. चूक काय, ते मला खरंच कळलं नव्हतं. भीत भीत विचारलं, “सर, नियम काय?”

“नियम हवा? संध्याकाळी घरी ये. माझ्या कोटाचं अस्तर उसवलंय, ते घेऊन जा. मग बघू.”

गेलो. घरापुढे उंच ओटा, तिण्णै. वर्गातलेच काहीजण आत चटईवर बसले होते, शिकवणीला. मी पायरीखाली उभा. सरांनी वरून कोट पायरीवर टाकला.

“शिवून झाला की इथेच ठेवायचा. पाणी शिंपडल्याशिवाय आत घेत नाही आम्ही.”

मग ते आत वळले आणि मुलांना सांगू लागले. “हॅज एकदा म्हटलं की पुरे. पुढच्या क्रियापदांना तोच लागू. ऐकणारा समजून घेतो.”

एवढंच होतं.

कोट हातात घेऊन मी उभा राहिलो. माझे वडील, अप्पा, आठवले. असल्याच ओट्यांखाली उभे राहून ते कपडे देत. देताना म्हणत, “कापड कापलें आहे. शिवलें आहे. गुंड्या लावल्या आहेत. इस्त्री केली आहे.” एखादं काम सांगायचं राहिलं, तर ते केलंच नाही म्हणून गिऱ्हाईक शिवण ओढून बघे. लहानपणीच त्यांनी मला बजावलं होतं, “पुरतें सांग रे. आपलें अर्धें कोणी समजून घेत नाहीं.”

मी इंग्रजीतही पुरतंच सांगितलं होतं.

ऐकणारा समजून घेतो म्हणे. कुणाचं?

कोट पायरीवर ठेवला. वर बघून म्हणालो, “सर, नियम मला वर्गात सांगा. कोट दुकानात पाठवा.”

आतलं लिहिणं थांबलं. सर दारात आले.

“परीक्षेला कुणाला बसवायचं ते माझ्या सहीवर आहे. ठाऊक आहे ना?”

“आहे, सर.”

“कोट उचल.”

उचलला नाही.

घरी सांगितलं तेव्हा अप्पांची सुई थांबली. “गिऱ्हाईक गेलें,” एवढंच म्हणाले. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी संपताच मी उठलो. “सर, कालच्या वाक्यातली चूक सांगा.”

“बस खाली.”

बसलो नाही. कुणीतरी “तय्यल्कारा” म्हणालं. सर फळ्याकडे वळून शिकवत राहिले. मी तास संपेपर्यंत उभा. पाय भरून आले, पण पायाखाली वर्गाची फरशी होती. नियम मला आता येत होता. पण पायरीखालून ऐकलेला नियम मला नको होता. तो इथे, सगळ्यांदेखत, माझ्याकडे बघून सांगायला हवा होता.

घंटा झाली. सर न बघता निघून गेले.

सही मिळेलसं वाटत नव्हतं. पण त्या पायरीखाली पुन्हा जायचं नाही, हे ठरलं. उद्याही इंग्रजीचा तास होता. उद्याही मी उठून तेच विचारणार होतो.