ओलेतं, मुकटा आणि एक रिकामी बाटली

मंगळवार, भाद्रपद वद्य द्वितीया, सन १९३४. दिघी, माझ्या माहेरचं घर. हजर: आई, भावजय, मी. गैरहजर: भाऊ, तो गणपती पोचवून मुंबईला कचेरीत परत रुजू झाला होता. वडील ओटीवर सुपारी कातरत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं, पण बायकांच्या बोलण्यात ते स्वतःला हजर समजत नसत, म्हणून मीही धरत नाही.

माझं सासर त्याच गावात. आईनं सांगावा धाडला म्हणून गेले, तर माजघरात भावजयीची पेटी भरून ठेवलेली. पितृपंधरवडा संपला की तिला तळे गावी, तिच्या माहेरी, पोचवायची होती. परत कधी आणायची, ते कोणी बोलत नव्हतं.

"झालं काय?" मी विचारलं.

आईनं आवाज खाली केला. "तिला त्या जागी खाज आहे. आषाढापासून. जात नाही म्हणजे नाही. चांगल्या घरच्या बाईला असलं होतं का? तळ्याहून घेऊन आली हो ही, आणि आता माझ्या मुलाला देईल."

भावजय भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, वय वीस. तिचे खडे काढणारे हात थांबले होते, एवढंच मला दिसलं.

मला यादी केल्याशिवाय विचार करता येत नाही. घरी लोणच्याच्या बरण्यांची यादी आहे, भाच्यांच्या देवी टोचल्याची आहे, उसन्या दिलेल्या भांड्यांची तर आहेच. मी भावजयीला विहिरीवर नेलं, वही काढली आणि विचारत गेले. आधी तिनं मानेनंच उत्तरं दिली, मग बोलायला लागली.

काय काय लावलं? आईच्या सांगण्यावरून आधी करंजेल तेलात कापूर. मग लिंबाचा रस. ("वन्सं, डोळ्यांपुढे काजवे चमकले हो.") मग कढत पाणी आणि कपड्यांचा सोडा, दिवसातून तीनदा. प्रत्येक उपायानंतर आग वाढली, आणि आग वाढली म्हणून पुढचा उपाय जास्त जालीम.

नेसायला काय? इथे ती जरा थांबली. "ओलेतंच की."

आमच्या घरची रीत अशी, की देवाचा नि जेवणाचा स्वयंपाक सोवळ्यात व्हायचा. सोवळं लुगडं रात्री धुऊन उंच काठीवर वाळत घालायचं, कोणी शिवायचं नाही. पण पावसाळ्यात किनाऱ्यावर चार दिवसांत फडकंसुद्धा वाळत नाही. मग सून आंघोळ करून ते तसंच ओलं नेसते. ओलं तेही सोवळंच. घट्ट कासोटा, चुलीची धग, पहाटेपासून दुपारपर्यंत. अंगावर वाळलं की सोवळं मोडतं, म्हणून पुन्हा भिजवायचं. गौरी-गणपतीत तर दिवस मावळेपर्यंत. आईपाशी रेशमी मुकटा होता, तो रोज धुवावा लागत नाही, म्हणून तिचं सोवळं कोरडं. मुकटा घरात एकच.

गुरुवारी मुरुडला डॉक्टरीणबाई येत. वडिलांना सांगितलं, हिची दाढ दुखते. ते म्हणाले, "हो, हो, दाढ फार वाईट," आणि होडीवाल्याला स्वतः जाऊन सांगून आले.

आम्ही भरतीला खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरलो आणि बैलगाडीनं मुरुडला गेलो. वाटेत भावजय एकदाच बोलली. "वन्सं, त्यांनी खरंच तसला रोग आहे म्हटलं, तर मला परत घरी नेऊ नका. तिथूनच तळ्याला पाठवा."

"आधी बघू तर दे बाई त्यांना," मी म्हटलं. पण माझाही हात वहीवर घट्ट होता.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या. त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि मला कळलं की ही आपल्यासारखीच यादीवाली बाई. एकही प्रश्न मागेपुढे नाही. किती दिवस? पांढरं जातं का, वास येतो का? रात्री जास्त होतं का? घरात पोरांना जंत? उवा? साबण कुठला? नवऱ्याला खाज आहे का? मग पडद्याआड नेऊन तपासलं. लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर उकळली. निळं ते निळंच राहिलं.

"साखर नाही," त्या म्हणाल्या. "असती तर हे विटेसारखं तांबडं झालं असतं. कित्येक बायकांना मधुमेहाची पहिली वर्दी ह्या खाजेनंच मिळते. कोणाला आतल्या पांढऱ्या जाण्यानं होते, कोणाला जंतांनी, कोणाला पाळी गेल्यावर कातडी कोरडी पडून. हिला जांघेत नायटा आहे. ओलं कापड नि घट्ट कासोटा. त्यावर तुम्ही लिंबू पिळलंत. कोशिंबीर आहे का ती?"

"म्हणजे तो दुसरा, वाईट..." भावजयीला पुढे बोलवेना.

"नाही. त्याची एकही खूण नाही. यात चालचलणुकीचा काही संबंध नाही, कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

भावजय रडली नाही. तिनं पदर नीट केला आणि विचारलं, "मग करायचं काय?" मी लिहून घेतलं. साध्या पाण्यानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं. साबण, सोडा, तेल, लिंबू बंद. मलम दोन वेळा, खाज थांबली तरी पुढे दोन आठवडे. खाजवायचं नाही. कपडे उकळून कडक वाळवायचे. ऊन नसेल तर चुलीवर शेकवून, पण कोरडे. झोपताना कासोटा सोडायचा. नवऱ्यालाही तपासायचं, नाहीतर एकाचं बरं होतं नि दुसऱ्याकडून परत येतं. महिन्यात गेलं नाही तर पुन्हा दाखवायचं.

घरी आल्यावर मी माजघरात बसून सगळं मोठ्यानं वाचलं. ओटीवरचा अडकित्ता थांबला. आई ऐकत होती, आणि "ओलं लुगडं" आलं तशी उसळली.

"काहीतरीच! ओल्या लुगड्यानं खाज होते, तर मला मुकट्यात का होते?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"तुला होते?" मी विचारलं. "कधीपासून?"

"आहे आपली. तीनचार वर्षं. म्हाताऱ्या माणसाचं काय घेऊन बसलीस."

भावजयीच्या लग्नाला दोन वर्षं. तिनं तोंड आमच्याकडे वळवलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मग सासूबाई, तुम्ही कुठून आणलीत?"

ओटीवर वडिलांना जोराचा ठसका लागला. तो नुसता ठसका नव्हता, हे आम्हा तिघींनाही कळलं. आई लाल झाली. मला वाटलं, आता भांडी फुटणार. पण ती उठली, कोनाड्यातली किल्ली घेतली, आपली ट्रंक उघडली आणि मुकटा काढून भावजयीच्या मांडीवर ठेवला.

"उद्यापासून हा नेस. मेलं ते ओलेतं! मी लोकरीची धाबळी नेसेन."

मग माजघरातली भरलेली पेटी तिनं स्वतः ओढत आत नेली. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे. मी बाहेर काढली, मीच आत नेते."

नवरात्रापर्यंत भावजयीची कातडी स्वच्छ झाली. दिवाळीला भाऊ आला, त्यालाही तपासून घेतलं. त्यालाही होतं, लाजेनं बोलला नव्हता. मलम चालू आहे. आमचं बघून शेजारच्या दोन घरांनी ओलेतं सोडलं. पलीकडच्या वाडीतली एक बाई तर माझी यादी उतरवून घेऊन गेली, वर "दाढदुखीवर" असं लिहून. सगळ्या ओळींपुढे मी बरोबरच्या खुणा केल्या आहेत. एवढ्या खुणा एका पानावर मी आजवर केल्या नव्हत्या.

एक ओळ राहिली आहे, आईची. न्हाणीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागते, ती आई तिथे जाऊन आल्यावरच. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या असतो, तो सकाळपर्यंत रिकामा होतो. हे मी दोन वर्षं बघत होते आणि एकाही यादीत लिहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी लघवीचा नमुना आणा, मग बोलू.

आई म्हणते, "खाडीला नारळ वाहिलाय ह्या घरानं. त्या खाडीवरून माझं ते न्यायचं? होडीतली माणसं काय म्हणतील?"

"दाढेचं औषध म्हणतील," भावजय म्हणते.

उद्या गुरुवार. होडी सकाळीच सुटते. बाटली मी उकळून, पुसून न्हाणीच्या खिडकीत ठेवली आहे. आत्ता जाऊन बघून आले. रिकामीच आहे.